कमरेचं रिव्हॉल्व्हर आणि रानातली रात्र

गेल्या वर्षीच्या रब्बीतली गोष्ट. अंबाजोगाईजवळ बालाघाटाच्या उतारावर आमची थोडी जमीन आहे. मी कविता लिहिणारा माणूस. शेती धाकटा भाऊ बघतो. विजेची पाळी रात्रीची होती. भाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला गेला आणि पिलांसोबतच्या रानडुकरिणीनं त्याला पाडलं. मांडीला अकरा टाके पडले.

दुसऱ्या दिवशी खाटेवरूनच तो म्हणाला, ‘‘भाई, मला कमरेला लावायचं रिव्हॉल्व्हर घ्यायचंय. तुम्ही शिकलेले. अर्ज लिहून द्या.’’

मी नाही म्हणू शकलो नाही. नोव्हेंबर 2020 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती, ती भीती अजून शिवारातून गेलेली नाही. भावाची भीती खोटी नव्हती. म्हणून मी कायदा वाचायला बसलो.

1959 च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणाचा उल्लेख आहे, पण तो ठासणीच्या बंदुकीसाठी. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शेतकऱ्याच्या खांद्यावरची लांब बंदूक होती, कमरेचं रिव्हॉल्व्हर नव्हे. 1972 चा वन्यजीव कायदाही जीव वाचवताना प्रामाणिकपणे जनावर मारलं गेलं तर त्याला गुन्हा मानत नाही. कायद्यानं माणसाला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही.

मग मी भावाला विचारलं, ‘‘त्या रात्री तुझ्या हातात काय होतं?’’

‘‘एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं.’’

‘‘मग रिव्हॉल्व्हर कोणत्या हातानं काढलं असतंस?’’

तो गप्प बसला. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर दिसायला देखणं असतं. पण अंधारात, चिखलात पाय रुतलेला असताना, अंगावर धावून येणाऱ्या डुकरावर त्याचा नेम धरणं रोज सराव करणाऱ्यालाही जड जावं. छोट्या गोळीनं नुसतं जखमी झालेलं डुक्कर तर जास्तच घातक. बिबट्या बहुधा चाहूलही लागू देत नाही. आष्टीकडचा तो बिबट्या डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात मारला गेला, तोही वनखात्याच्या परवानगीनं, बरेच दिवस माग काढल्यावर.

पण माझी खरी धास्ती वेगळीच होती. रानात डुक्कर महिन्यातून एखाद्या वेळी भेटतं. बांधावरचा शेजारी रोज भेटतो. आमचा एका शेजाऱ्याशी बांधावरून जुना वाद आहे. भाऊ तापट. कमरेला हत्यार असलं की हात आधी तिकडेच जातो. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यातले शस्त्रपरवाने किती आणि कशासाठी, हे साऱ्या महाराष्ट्रानं विचारलं. हवेत गोळीबार करणाऱ्यांच्या चित्रफिती आपण सगळ्यांनी पाहिल्या. त्यांतली एकही गोळी डुकरासाठी नव्हती.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. आमच्या नावाच्या माणसानं हत्यार मागितलं तर लोक काय म्हणतील, हेही मनात येऊन गेलं. त्या विचाराची मला लाज वाटली. भावाची मांडी फाटली होती, ती नाव विचारून फाटली नव्हती.

शेवटी मी दोन अर्ज लिहिले. एक वनखात्याला, जखमेच्या आणि पिकाच्या भरपाईसाठी. दुसरा वीज दिवसा द्यावी म्हणून. रात्री जायचंच झालं तर दोघांनी जावं, मोठ्यानं बोलत जावं, मोबाइलवर गाणी लावावीत, पिलं दिसली तर मागं फिरावं, असं घरात ठरलं. आणि बांधावरचा तो शेजारी? त्याचीही पाळी रात्रीचीच असते. आता ते दोघे बरोबर जातात. वाद मिटलेला नाही. वाटेत भांडतात, त्यामुळे आवाज मात्र भरपूर होतो.

भाऊ अजून अधूनमधून विचारतो, ‘‘भाई, तो अर्ज?’’ मी म्हणतो, लिहितो. रात्रीची पाळी असली की तो परत येईपर्यंत मी जागा असतो. फाटक वाजतं, तेव्हा दिवा मालवतो.