झिजलेला स्क्रू

'आकाशवाणी' हे नाव प्रथम ज्या नभोवाणी केंद्राला मिळाले, ते प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसूरला आपल्या राहत्या घरीच उभारले होते. घरातल्या खोलीत यंत्र मांडून बसणारे हौशी लोक आजही आहेत. फक्त यंत्रे बदलली. संगणकाच्या आज्ञेने चालणारे लहान सीएनसी यंत्र हे त्यांतलेच एक. म्हैसूरचे प्रसिद्ध जडावकाम, म्हणजे शिसवी लाकडात निराळ्या रंगाचे तुकडे बसविण्याचे काम, अशा यंत्रावर करू पाहणाऱ्याला एक अडचण कधी ना कधी भेटतेच. खाच गोल कोरावी, तर तिला चार ठिकाणी बारीक पायरी पडते.

वर्तुळ कोरताना यंत्राचे दोन अक्ष प्रत्येकी दोनदा दिशा बदलतात. स्क्रू उलटा फिरू लागतो. पण आटे झिजून नटात जी पोकळी झालेली असते, ती भरेपर्यंत यंत्राचा सरकता भाग जागचा हलत नाही. ही पोकळी दोन दशांश मिलिमीटरची असली, तरी तुकडा खाचेत बसत नाही आणि महागडी शिसवी वाया जाते.

पहिला मोह होतो तो नट आवळण्याचा. परंतु काम बहुधा मध्यावर चालते, म्हणून आटेही मध्यावरच अधिक झिजतात. तेथे नट बेताचा केला, की टोकांशी तो अडकतो. संगणकाला पोकळीचा आकडा देऊन भरपाई करविता येते खरी. पण आकडा एक आणि झीज जागोजागी निराळी!

मग बॉल स्क्रू बसवावा. त्यात आट्यावर आटा घासत नाही, मधून पोलादी गोळ्या फिरतात आणि सुमारे ९० टक्के शक्ती कामी येते. उभ्या अक्षाला मात्र हाच गुण बाधतो. साधा स्क्रू घर्षणाच्या बळावर ओझे तोलून धरतो. बॉल स्क्रू वीज जाताच भारासकट खाली घसरू शकतो. तेथे ब्रेक किंवा प्रतिभार हवाच.

पैसे मोजण्यापूर्वी स्क्रूच्या टोकाशी डायल गेज लावून सरकता भाग हाताने मागेपुढे ढकलून पाहावा. काटा हलला, म्हणजे स्क्रूच सरकत असला, तर ती ढिलाई नटाची नव्हे, टोकाच्या बेअरिंगची. तेवढे बदलल्यावाचून नवा बॉल स्क्रू घातला, तरी खाचेतली पायरी जाणार नाही. आणि बेअरिंग तर स्क्रूच्या मानाने पुष्कळच स्वस्त मिळते.