हात पदराखाली लपवू नका
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेलं मनोगत)



आज बचत, कर्जफेड यावर बोलणार नाही. आज माझे हात बघा. दोन वर्षं मी तुमच्या गटांत येते, पण हात बहुतेक ओढणीखालीच असतात. मला इसब आहे. डॉक्टर त्याला एक्झिमा म्हणतात. लहानपणी होतं, मध्ये गेलं, कॉलेजात असताना परत आलं.

आजच का सांगते? मागच्या महिन्यात एका गटात पापडाच्या ऑर्डरची वाटणी चालू होती. एका ताईंच्या बोटांना भेगा होत्या. कुणीतरी म्हणालं, "तिला नको, आपल्यालाही लागेल." ती काही न बोलता उठून गेली. त्या ऑर्डरची तिची मजुरी बुडाली. हे लागत नाही, हे मला माहीत होतं. तरी मी गप्प बसले, माझेच हात लपवून. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि कारण खाज नव्हती.

म्हणून आधी हे पक्कं लक्षात ठेवा: इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. शिवल्याने नाही, एका ताटात जेवल्याने नाही. आपली कातडी भिंतीच्या गिलाव्यासारखी असते. इसबात हा गिलावा कच्चा असतो. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचा साबण, सोडा, धूळ आत शिरते. मग खाज, खाजवलं की जखम, जखम भरताना पुन्हा खाज. रात्री झोप नाही, दिवसा चिडचिड.

माझी चूक सांगते. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज थांबली. मग वर्षभर मनानेच लावत राहिले. बंद केली की दुप्पट यायचं. कातडी पातळ झाली. त्या ट्यूबमध्ये कडक स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड वाईट नाही, डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस आणि तेवढंच लावलं तर ते फार कामाचं आहे. पण नायट्यावर तेच लावलं तर नायटा दबतो आणि आतून पसरतो. नायटा मात्र घरात एकाचा दुसऱ्याला लागतो. दोन्ही दिसायला सारखे वाटू शकतात, म्हणून ओळख डॉक्टरांनाच करू द्या.

आता मी रोज काय करते? आंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच साधी, वासाची नसलेली पेट्रोलियम जेली भरपूर लावायची. भांडी घासताना, कपडे धुताना आत सुती आणि वरून रबरी हातमोजे. नखं बारीक. लिंबू, चुना, टूथपेस्ट काही लावायचं नाही. मलम किती घ्यायचं? बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेवढं बसतं, तेवढं दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं.

शेतात जाणाऱ्यांनी गाजर गवत ओळखा, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो. १९५६ मध्ये पुण्यात त्याची नोंद झाली, आता बांधाबांधावर आहे. निंदणीनंतर चेहरा, मान, हात लाल होऊन खाजत असतील तर डॉक्टरांना गवताचंही सांगा. ते उपटताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे घाला.

चट्ट्यातून पू आला, पिवळी खपली धरली, ताप आला किंवा दुखरे फोड उठले, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

इसब माझं पूर्ण गेलेलं नाही. बदलत्या हवेत, काळजीच्या दिवसांत उसळतंच. पण शुगरसारखं ते सांभाळता येतं, हे मला उशिरा कळलं.

शेवटी गटांना एक विनंती. उघडी जखम असेल तर पीठ मळायला हात घालू नये, हे खरंच. ते इसबालाही लागू आणि विळीने कापलेल्या बोटालाही. पण म्हणून बाईला कामावरून काढायचं नाही, काम बदलून द्यायचं. हिशोब आहे, वजन आहे, लेबलं आहेत, ऑर्डर घेणं आहे.

त्या ताईंच्या घरी जाऊन मी माफी मागितली. पुढच्या ऑर्डरच्या यादीत त्यांचं नाव आहे का, ते बघायला मी येणार आहे. आणि येताना हात उघडे ठेवून येणार आहे.