मुरगळलेला घोटा आणि पीआरपीची सुई



पाऊस सुरू झाला की गडवाटा निसरड्या होतील आणि आमच्या ओपीडीत सुजलेल्या घोट्यांची रांग लागेल. त्यात कबड्डी खेळणारी मुलं असतील, तशाच एसटीतून उतरताना पाय वाकडा पडलेल्या आजीही असतील. अलीकडे यातले बरेच जण आल्या आल्या विचारतात, "डॉक्टर, पीआरपीचं इंजेक्शन घेऊन टाकू का?" आजचं व्याख्यान या एका प्रश्नासाठी आहे.

पाऊल आत वळून पाय मुरगळतो तेव्हा सगळा ताण घोट्याच्या बाहेरच्या बाजूवर येतो. तिथे तीन अस्थिबंध आहेत. त्यातला पुढचा सर्वांत नाजूक, म्हणून बहुधा तोच आधी दुखावतो. कधी त्याचे तंतू नुसते ताणले जातात, कधी थोडे तुटतात, कधी तो पूर्ण फाटतो. हाड मोडलेलं नाही ना, हे मात्र आधी पाहायचं. कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम मांडले. घोट्याच्या हाडांच्या मागच्या कडेला किंवा टोकाला दाबल्यावर दुखलं, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. पावलाची बाहेरची कड आणि आतल्या बाजूचं मधलं हाडही असंच दाबून पाहतात.

आता पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. प्लेटलेट म्हटलं की आपल्याला डेंग्यू आठवतो. पण या पेशींचं काम रक्त गोठवण्यावर संपत नाही. त्यांच्या पोटातल्या कणिकांमध्ये नव्या पेशींना आणि रक्तवाहिन्यांना वाढायला लावणारी प्रथिनं असतात. पीआरपीसाठी तुमच्याच हाताच्या शिरेतून रक्त घेतात आणि ती नळी सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवतात. नळी बाहेर काढली की तळाशी गडद लाल थर दिसतो, वर पिवळसर पारदर्शक प्लाझ्मा आणि दोहोंच्या मध्ये पांढुरकी पातळ रेघ. ती रेघ आणि तिच्या आसपासचा प्लाझ्मा उचलला, की त्यात नेहमीच्या रक्ताच्या कित्येक पट प्लेटलेट मिळतात. सोनोग्राफीत पाहत तो द्रव दुखऱ्या जागी टोचतात. रक्त आपलंच असल्यामुळे ॲलर्जीची भीती फारशी नसते. कल्पना सुंदर आहे, हे मी मनापासून म्हणतो.

पण सुंदर कल्पनेलाही परीक्षा द्यावीच लागते. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, पाय मुरगळून तातडीच्या विभागात आलेल्या ३७ जणांपैकी काहींना पीआरपी आणि काहींना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. कुणाला काय टोचलं हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवडाभरात वेदनेत आणि चालण्या-फिरण्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्ष वेगळा आहे. नडगीची दोन हाडं घोट्याच्या वर जिथे बांधलेली असतात, तिथली दुखापत झालेले १६ अव्वल खेळाडू त्यात होते. पीआरपी घेतलेले सुमारे ४१ दिवसांत मैदानावर परतले, न घेतलेले सुमारे ६० दिवसांत. हा फरक मोठा आहे. पण खेळाडू अवघे १६, दुखापत नेहमीच्या मुरगळण्याहून निराळी, आणि दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शनही दिलेलं नव्हतं.

खोट्या इंजेक्शनवर मी एवढा भर का देतो? नेदरलँड्समध्ये घोट्याची झीज झालेल्या १०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना पीआरपी दिलं, अर्ध्यांना साधं मिठाचं पाणी. सहा महिन्यांनी दोन्ही गटांना बरं वाटत होतं, जवळपास सारखंच. मिठाच्या पाण्यावर बरं वाटलेल्या माणसाला कुणी ते पीआरपी आहे असं सांगितलं असतं, तर त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेच इंजेक्शन घ्यायला लावलं असतं. मुरगळलेला घोटा तर बहुतेक वेळा आपणहून भरून येतो. म्हणून "मला गुण आला" या अनुभवाचा आदर करूनही तो पुरावा मानता येत नाही.

मग गुण कशाने येतो? पहिले काही दिवस क्रेप बँडेज किंवा ब्रेस, पाय उशीवर उंच, थोडा बर्फ. जोरात चोळणं, ओढून 'बसवणं' नको. मग सोसेल तसा भार टाकत लवकर चालायला लागायचं. आणि पुढचं पाऊल बहुतेक जण टाकतच नाहीत, ते म्हणजे तोल सावरण्याचा व्यायाम. अस्थिबंध दुखावला की पाऊल कसं पडतंय याची मेंदूला मिळणारी वर्दीही बिघडते. ओट्याला एक हात टेकून दुखऱ्या पायावर उभं राहा. जमलं की हात सोडा, मग डोळे मिटा, मग उशीवर उभं राहा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच अभ्यासात ५२२ खेळाडू होते. आठ आठवडे घरीच असे व्यायाम केलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा घोटा वर्षभरात पुन्हा मुरगळला. न केलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं.

पीआरपी फसवणूक आहे, असं मी म्हणत नाही. दीर्घकाळ न भरलेल्या काही दुखापतींत डॉक्टर विचारपूर्वक ते सुचवतील. तेव्हा एवढं जरूर विचारा: माझी नेमकी दुखापत कोणती, तिच्यावर याचा पुरावा काय, आणि व्यायाम पूर्ण करून झाले आहेत का? पण इंजेक्शन परवडलं नाही म्हणून आपल्या पोराचा पाय कायमचा कच्चा राहील, या धास्तीने कुणाही आईवडिलांनी कर्ज काढू नये. साध्या मुरगळण्यात सर्वांत भक्कम पुरावा असलेला उपचार फुकट आहे. तो आठ आठवडे नेटाने करून घ्या.