पदविकेकडून पदवीकडे : वाट खुली आहे, सांधा जपावयास हवा

(हट्टा परिसरातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वसमत तालुक्यातील हट्टा हे गाव हळदीच्या मुलखातले. येथील मुलांना हळद काढणे, शिजविणे, वाळविणे आणि पॉलिश करणे ही कामे शिकवावी लागत नाहीत; ती पाहतच ती मोठी होतात. अशा घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी दहावीनंतर तंत्रनिकेतनात जाते, यंत्र, विद्युत किंवा स्थापत्य शाखेची तीन वर्षांची पदविका घेते आणि घरात आनंद होतो. तो योग्यच आहे. परंतु त्या आनंदाच्या भरात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. पदविका हा मुक्काम आहे की मार्गावरील एक टप्पा?

पदविका घेऊन नोकरी अथवा व्यवसाय करणे हे सन्मानाचेच आहे. प्रत्येकाने पदवी घेतलीच पाहिजे असा आग्रह कोणी धरू नये. तथापि ज्याची इच्छा आणि कुवत दोन्ही आहेत, त्याची वाट केवळ माहितीच्या अभावी किंवा एका दाखल्यापायी बंद व्हावी, ही गोष्ट गावाला शोभणारी नाही. आजच्या विचाराचा विषय तोच आहे.

मागील पिढ्यांचा अनुभव

निजामी राजवटीत मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यंत तुटपुंजी होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि तेथे उर्दू हे शिक्षणाचे माध्यम होते. १९२३ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, इंटरमीजिएट महाविद्यालय सुरू झाले. इंटरपर्यंतचे शिक्षण येथे मिळे. पदवीसाठी पुढे हैदराबादची वाट धरावी लागे. अंतर, खर्च आणि परकी भाषा या तिन्ही अडचणी नेमक्या त्याच टप्प्यावर एकत्र येत. ज्यांना हे शक्य नव्हते, त्यांचे शिक्षण इंटरवरच थांबे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९९४ साली नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आले. १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. संस्था जवळ आल्या, हे निर्विवाद होय. परंतु एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाण्याचा जो सांधा, तो आजही सर्वांत नाजूक आहे.

परदेशातही हाच सांधा

हा अनुभव केवळ आपलाच नाही. अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे दोन वर्षांच्या शिक्षणाचे सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. पुढे अशा महाविद्यालयांचे जाळे देशभर पसरले. त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात. घराजवळ, अल्प खर्चात दोन वर्षे शिकावे आणि नंतर चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात उरलेली वर्षे पूर्ण करावीत, अशी ती कल्पना आहे. कल्पना उत्तम, परंतु संस्था बदलताना आधी शिकलेले सर्वच विषय नवी संस्था मान्य करीत नाही. तेथील शासकीय उत्तरदायित्व कार्यालयाने २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१७ साली अहवाल दिला. त्यानुसार अशा विद्यार्थ्यांचे सरासरी सुमारे ४३ टक्के श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, वाया गेले होते. श्रीमंत देशातही शिडी पायरीवर मोडत नाही, सांध्यावर मोडते, एवढा बोध त्यातून घ्यावा.

भारतात कम्युनिटी कॉलेजचा प्रयोग १९९५ साली पुदुच्चेरी येथे सुरू झाला आणि २०१३-१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी योजना आखली. मात्र महाराष्ट्रातील ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने सर्वांत रुळलेला मार्ग आहे तो तंत्रनिकेतनाचा.

वर्षांचा हिशेब

पालकांच्या मनात पहिली शंका असते ती वर्षे वाया जाण्याची. तिचे उत्तर साध्या बेरजेत आहे. दहावीनंतर दोन वर्षे बारावी आणि चार वर्षे अभियांत्रिकी पदवी, अशी सहा वर्षे होतात. दहावीनंतर तीन वर्षे पदविका आणि थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊन तीन वर्षे पदवी, अशीही सहाच वर्षे होतात. एकही वर्ष वाया जात नाही. उलट तीन वर्षांनंतर हातात कमाईस उपयोगी पडणारी पदविका असते. घरी अडचण आली तरी विद्यार्थी रिकाम्या हाताने परतत नाही.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यासही पदविकेच्या द्वितीय वर्षात प्रवेशाची सोय आहे. त्याची एकूण सात वर्षे होतात. वर्ष एक अधिक लागते, पण कारागिरापासून अभियंत्यापर्यंत अखंड वाट आहे.

थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशासाठी सी.ई.टी. द्यावी लागत नाही. पदविकेच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. पदविकेत किमान ४५ टक्के, तर राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के गुण आवश्यक असतात. प्रवेश केंद्रीभूत पद्धतीने होतात.

अडते कोठे?

असा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर आणू. त्याला पदविकेत चांगले गुण आहेत. निकाल लागला आणि प्रवेशाची मुदत सुरू झाली. मग त्याच्या लक्षात येते की जात वैधता प्रमाणपत्र नाही आणि उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला मुदतबाह्य झाला आहे. तो सेतू केंद्रापासून तहसील कार्यालयापर्यंत धावाधाव करतो. तोवर फेरी निघून जाते. त्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासात उणीव नव्हती. कागद वेळेवर नव्हते, इतकेच. म्हणून जात वैधतेचा अर्ज निकालानंतर नव्हे, तर पदविकेच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच झाला पाहिजे.

दुसरी अडचण पैशाची, आणि तिच्यातही माहितीचा भाग मोठा आहे. केंद्रीभूत फेरीतून मिळालेला प्रवेश आणि खासगी संस्थेत व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश यांत शिष्यवृत्तीच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. जवळची संस्था म्हणून घाईने कोट्यातील जागा घेणाऱ्या पालकास हा फरक शुल्क भरण्याच्या वेळीच कळतो. वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातील मुलींना केंद्रीभूत पद्धतीने मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शंभर टक्के देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती थेट द्वितीय वर्षात येणाऱ्या मुलींनाही खुली आहे. ती वर्षाला ५०,००० रुपये असून एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत मिळू शकते. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. “पदविका झाली, आता पोरीचे लग्न उरकू” असे म्हणणाऱ्या बापासमोर ही माहिती वेळेवर मांडली गेली, तर एखाद्या घरातील निर्णय बदलू शकेल.

तिसरी अडचण वर्गात गेल्यावर जाणवते. पदविकेतील गणित प्रामुख्याने पहिल्या वर्षी होते. नंतर दोन वर्षे त्याचा सराव तुटतो. पदवीच्या पहिल्या वर्षातील गणिताच्या दोन पायऱ्या थेट प्रवेश घेणाऱ्याने चढलेल्या नसतात आणि द्वितीय वर्षात त्याच्यासमोर एकदम तिसरी येते. त्यातच २०२१ नंतर पदविकेत मराठी-इंग्रजी अशा द्विभाषिक शिक्षणाची सोय झाली. ती स्वागतार्हच आहे, परंतु पदवीचे अध्यापन व परीक्षा बहुधा इंग्रजीत असतात. यास विद्यार्थ्याची मंदबुद्धी समजणे अन्यायाचे ठरेल. दोन अभ्यासक्रमांमधील ते अंतर आहे.

श्रेयांकांची पेढी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार कला, वाणिज्य व विज्ञान शाखांतही चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी, असे तिचे टप्पे आहेत. मिळविलेले श्रेयांक साठविण्यासाठी २०२१ साली ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ स्थापन झाली. हे श्रेयांक सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतात. मध्येच शिक्षण सोडावे लागलेल्यास, विशेषतः विवाहित मुलींना, हा मोठाच दिलासा आहे. तथापि एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. खात्यात श्रेयांक जमा असणे म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे. नव्या संस्थेत जागा असावी लागते आणि तिने ते विषय मान्य करावे लागतात. म्हणून जुनी संस्था सोडण्यापूर्वी नव्या संस्थेकडे लेखी विचारणा करावी, हे पालकांच्या मनावर बिंबविले पाहिजे.

गावाने काय करावे?

यासाठी नवा निधी किंवा नवे खाते लागत नाही. थोडी शिस्त लागते.

ग्रामपंचायतीने आय.टी.आय., तंत्रनिकेतन व महाविद्यालयात शिकणाऱ्या गावातील मुलामुलींची एक नोंदवही ठेवावी. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांची नावे वाचली जावीत आणि कोणाचा कोणता दाखला बाकी आहे ते लिहून घ्यावे. १ मे रोजीच्या ग्रामसभेत त्याची फेरतपासणी व्हावी. निकाल लागण्यापूर्वीचे हे महिने फार मोलाचे असतात.

महसूल अधिकाऱ्यांनी या यादीच्या आधारे दाखल्यांचे शिबिर गावातच घ्यावे. वीस विद्यार्थ्यांनी वसमतच्या वीस फेऱ्या मारण्यापेक्षा एका कर्मचाऱ्याने एक दिवस हट्ट्याला येणे केव्हाही स्वस्त पडते.

गणित आणि इंग्रजी यांच्या शिक्षकांनी उन्हाळ्यात पंधरा दिवस सायंकाळचा वर्ग चालवावा. आधीच्या वर्षी पदवीस गेलेला गावचाच विद्यार्थी त्यास मदतीला बोलवावा. कोणता विषय जड जातो, वसतिगृहाचा अर्ज कधी करावा, हे तो जितके नेमके सांगेल तितके कोणतेही माहितीपत्रक सांगू शकणार नाही.

मित्रहो, हट्टा येथील जुनी बारव सर्वांच्या पाहण्यातील आहे. तिच्या बांधणाऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरण्यासाठी पायऱ्या केल्या, कारण पाणी आहे एवढे पुरेसे नसते. घागर घेऊन आलेल्या माणसास तेथवर पोहोचता आले पाहिजे. शिक्षणाच्या सोयी आज झाल्या आहेत. पायऱ्याही आहेत. त्यांतील जी एक पायरी निसटलेली आहे, ती बसविण्याचे काम शासन, शाळा आणि ग्रामपंचायत यांनी मिळून करावयाचे आहे. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्या नोंदवहीचे पहिले पान लिहिले गेले, तर या व्याख्यानाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.