आधी स्वतःच्या मापाचं
(नळदुर्ग येथे बायकांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



दिवाळी सरली की आपल्याकडे पहाटेचा गारठा सुरू होतो. त्याच दिवसांत तुरीची कामं असतात, धारा काढायच्या असतात, आणि कितीतरी घरं ऊसतोडीला निघतात. फडात पहाटेच्या अंधारातच मोळ्या बांधायला लागतं. अशा वेळी बाईच्या अंगावर काय असतं? साडी, ब्लाउज, आणि वर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना शर्ट. खांदे उतरलेले, बाह्या दुमडलेल्या. शाल घ्यावी तर दोन्ही हात कामात, ती टिकत नाही. कष्ट आपले, पण कष्टाचा कपडा मात्र दुसऱ्याचा उतरलेला!

म्हणून आज जाकिटाबद्दल बोलायचं आहे. विकत आणायची गरज नाही. वाकळ शिवणाऱ्या आपल्या हातांना ही विद्या येतेच. ऊब जाड कापडात नसते, दोन थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून तीन पातळ थर हलके असूनही ऊब देतात.

जुनी सुती साडी धुवून घ्या. धड भाग वर आणि आत, विरलेला भाग मधल्या थरात. तिन्ही थर अंथरून दोन-दोन बोटांवर धावदोरा घाला. आधी टाके, मगच कापणी, कारण टाके घातल्यावर कापड आवळतं.

आता माप. ते तुमचं घ्या. छाती 36 इंच भरली तर तयार घेर 42 इंच ठेवा, म्हणजे ब्लाउजवरून बसेल आणि हात वर जाईल. शिलाईला 3 इंच वेगळे धरा. पाठीचा एक तुकडा, पुढचे दोन, बाह्या सरळ. काखेत चार बोटांचा चौकोनी तुकडा तिरका बसवा, मग मोळी उचलताना काख उसवणार नाही. वाकता यावं म्हणून दोन्ही कुशींना खाली चीर ठेवा. सरळ कडांना साडीचेच काठ लावा. गळ्याला तिरकी कापलेली पट्टी लावा, ती वळते. पुढे नाडीचे बंद पुरतात.

आणि खिसा! आतून, छातीशी, बटणाचा. आपल्या ब्लाउजला खिसा नसतो. पैसे कनवटीला, चंचीत, नाहीतर नवऱ्याच्या हातात. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते, हिशेबही त्याच्याच नावाने. खिशाने हा अन्याय संपणार नाही. पण आपली मजुरी आपल्या हातात मागायची, तर ती ठेवायला आपली जागा हवी.

शिवायला बसाल तेव्हा घड्याळ बघा. टाके किती तास, कापणी किती, शिलाई किती, हे लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या. घरात बाई शिवते ते कुणी काम म्हणत नाही, आणि उद्या कुणी नगावर शिवायला दिलं, तर 'फावल्या वेळातलं' म्हणून दर पाडतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 साली घरी बसून काम करणाऱ्यांसाठी 177 क्रमांकाचा करार केला. इतर मजुरांसारखीच वागणूक त्यांनाही मिळावी, असं तो सांगतो. भारताने तो अजून मान्य केलेला नाही. आपल्या तासांचा हिशेब आपल्याकडेच नसेल, तर दर कशाच्या जोरावर मागणार?

शेवटचं सांगते. पहिलं जाकीट नातवाला, दुसरं मालकाला, आणि चिंधी उरली तर मला, असं करू नका. पहिलं स्वतःला शिवा. गारठ्यात आधी बाहेर पडणारी तुम्हीच आहात. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपलं जाकीट घालून यावं, आणि तासांचा कागद त्याच्याच खिशात असावा.