मुलूख मोकळा, वाट आपली

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानाला दरवर्षी संतसाहित्य, आरोग्य, गुंतवणूक असे भारदस्त विषय असतात. यंदा कार्यकारिणीने व्हिडिओ गेमवर बोलायला सांगितलं, तेव्हा काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या असतील. पण विषय निघाला तो आपल्याच घरांतून. आरतीला मुलं वेळेवर खाली का येत नाहीत अशी चौकशी केली की उत्तर येतं, "खेळतोय." मग आईवडील कपाळाला हात लावून विचारतात, "त्यात एवढं असतं तरी काय?" आज मी या एकाच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. मी स्वतः पन्नाशीत, मुलाच्या शेजारी बसून हे खेळ शिकलो. माझा अधिकार तेवढाच.

ज्या प्रकाराबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव मालगाडीसारखं लांब आहे: ओपन वर्ल्ड फँटसी अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग गेम. त्याचे डबे सुटे करून पाहू. 'फँटसी' म्हणजे अद्भुत: राक्षस, मंत्रतंत्र, शापित किल्ले. ज्यांनी लहानपणी नाथमाधवांची 'वीरधवल' वाचली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. 'अ‍ॅक्शन' म्हणजे तलवार तुमच्याच बोटांनी आणि नेमक्या क्षणी चालवायची. 'रोल-प्लेइंग' म्हणजे एक पात्र घ्यायचं आणि त्याला वाढवत न्यायचं. योद्धा करायचा की मांत्रिक, हे तुम्ही ठरवायचं. आणि 'ओपन वर्ल्ड' म्हणजे मुलूख मोकळा. समोर डोंगर दिसला तर तो नुसता पडद्यावर रंगवलेला नसतो, तिथवर चालत जाता येतं.

आता चार खेळांबद्दल थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकच नीट सांगतो. त्याचं नाव 'एल्डन रिंग'. जपानच्या फ्रॉम सॉफ्टवेअर या कंपनीने तो २५ फेब्रुवारी २०२२ रोजी बाजारात आणला. दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. खेळातल्या जगाचा पूर्वेतिहास रचायला त्यांनी अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना बोलावलं. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये हा वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला, आणि जून २०२४ पर्यंत त्याच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या.

गंमत अशी की हा खेळ अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. गुहेतून बाहेर पडून लिमग्रेव्ह नावाच्या पहिल्या हिरव्यागार प्रांतात पाऊल ठेवलं की थोड्याच अंतरावर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार गस्त घालताना दिसतो. नवा खेळाडू उत्साहाने त्याच्यावर धावून जातो आणि दोन फटक्यांत आडवा होतो. पुन्हा जातो, पुन्हा आडवा. बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात येतं की या स्वाराशी आत्ता लढायची सक्ती कोणी केलेलीच नाही. बाजूने झुडपांतून निघून जाता येतं. वीस तासांनी, चांगली तलवार आणि स्वतःचा घोडा घेऊन परत येता येतं. तो स्वार तिथेच असतो. बदललेले असतो आपण.

माझ्या मते या खेळांच्या ओढीचं मर्म इथे आहे. पहिलं म्हणजे वाट आपण निवडायची. दुसरं म्हणजे हरल्यावर मागे फिरायची मुभा आहे आणि त्यात नाचक्की नाही. बाकी सारं या दोन गोष्टींच्या आधाराने उभं आहे.

काही जण म्हणतात, जग प्रचंड मोठं असतं म्हणून मुलं रमतात. मला ते पटत नाही. १९९६ साली बेथेस्डा कंपनीने 'डॅगरफॉल' नावाचा खेळ काढला. त्यातला मुलूख जवळजवळ ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचं सांगितलं जाई. एवढी गावं हाताने कोण वसवणार? बहुतेक संगणकाच्या सूत्राने तयार केलेली, त्यामुळे एक पाहावं आणि दुसरं विसरावं अशी. त्याच कंपनीचा 'स्कायरिम' नोव्हेंबर २०११ मध्ये आला. त्याचं जग डॅगरफॉलच्या मानाने परसदारासारखं, पण लोक अजूनही तो खेळतात, कारण त्यातली प्रत्येक गुहा कोणीतरी विचार करून तिथे ठेवलेली आहे. मोठेपणापेक्षा 'त्या वळणापलीकडे काहीतरी असेल' हा भरवसा माणसाला चालवतो.

एल्डन रिंगमध्ये तो भरवसा फार कौशल्याने राखला आहे. नकाशा सुरुवातीला जवळपास कोरा असतो. रस्त्याकडेच्या दगडी खांबापाशी तुकडा सापडला की तेवढा भाग उमटतो. कामांची यादी मिळत नाही. क्षितिजावर एक प्रचंड सोनेरी वृक्ष दिसतो, त्यावरून दिशा ठरवायची. विसाव्याच्या जागी प्रकाशाची ज्योत असते. तिच्यातून एक किरण मुख्य वाटेची दिशा दाखवतो, पण त्या दिशेने गेलंच पाहिजे असं नाही. आपल्यातले जे पहिल्यांदा हैदराबादेत उतरले, त्यांना आठवत असेल. काचीगुड्याहून कोठी, कोठीहून सुलतान बाजार, हे कोणाच्या यादीने कळलं नाही. चार वेळा चुकल्यावर शहर पायाखालचं झालं. पायाखालचं झालं की ते आपलं वाटायला लागतं.

याच प्रांतात धुकट रानामध्ये एक जुनी वास्तू आहे. आत पाळणा आहे, लिफ्टसारखा. त्यावर उभं राहिलं की तो खाली जायला लागतो. जातो, जातो, जातच राहतो. विहिरीचा तळ येईल या अपेक्षेने आपण बसलेलो असतो, आणि खाली उघडतं ते जमिनीच्या पोटातलं चांदण्यांनी भरलेलं आकाश, आणि त्याखाली नदी. कोणी सांगितलेलं नसतं की इथे या. न सांगता सापडलं, म्हणून ते मनात राहतं.

पण नुसती भटकंती असती तर दोन दिवसांत कंटाळा आला असता. तिला किंमत लावली आहे. शत्रू मारले की 'रून' मिळतात. त्यावरच शक्ती वाढते आणि त्यावरच खरेदी होते. मात्र मेलात की जवळचे सगळे रून मेल्या जागी सांडतात. तिथवर पुन्हा पोहोचलात तर परत मिळतात; वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. म्हणून खिसा भरलेला असताना अनोळखी दार उघडावं की माघारी जावं, हा खराखुरा प्रश्न असतो.

वाढ दोन तऱ्हांची असते. एक आकड्यांची: ताकद, चपळाई, आयुष्यमान. दुसरी आपल्या हातांची. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर मार्गिट नावाचा राक्षस उभा असतो. तो काठी उगारतो आणि मुद्दाम क्षणभर थांबतो. घाबरून आधीच उडी मारणाऱ्याला नेमका तडाखा बसतो. दहा-वीस वेळा मार खाल्ल्यावर तो थांबा बोटांत उतरतो. ज्याला हे साधत नाही, त्याने दक्षिणेचा प्रांत हिंडून बळ कमवावं. तेही नको तर किल्ला न जिंकता कड्याच्या कडेने पुढच्या प्रांतात जाणारी एक वाट आहे. परीक्षकानेच तीन उत्तरं मान्य करावीत, तसं हे आहे.

कथेचंही असंच. एल्डन रिंगमध्ये कोणी निवेदक सगळी हकीकत सांगत बसत नाही. एखाद्या तलवारीच्या वर्णनात दोन ओळी, एखाद्या पडक्या देवळात एक पुतळा. त्यावरून कोण कोणाचा मुलगा आणि युद्ध का पेटलं हे जुळवायचं. मियाझाकींनी एका मुलाखतीत याचं मूळ सांगितलं आहे. घरची गरिबी, म्हणून लहानपणी ते वाचनालयातून पुस्तकं आणत. वयाच्या मानाने ती अवघड असत, पुष्कळ मजकूर कळत नसे. मग चित्रांच्या आधाराने राहिलेल्या जागा ते कल्पनेने भरत. त्या जागा त्यांनी आपल्या खेळात मोकळ्या ठेवल्या आणि जगभरची मुलं त्या भरत बसली आहेत.

सगळेच खेळ या वाटेने जात नाहीत. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ साली काढलेल्या 'विचर ३' मध्ये आन्द्रेय सापकोव्स्की यांच्या पात्रांना घेऊन भरघोस संवाद आहेत. त्यात एक दारुडा सरदार भेटतो. बायको आणि मुलगी घर सोडून गेलेल्या, आणि त्यांना शोधायला तो आपल्याला विनवतो. हळूहळू त्याच्या हातून काय घडलं ते कळतं. त्याचा धिक्कार करावा की त्याला मदत करावी, हे खेळ सांगत नाही. आपण निवडतो आणि परिणाम पुढे भोगतो.

आता एक गोष्ट खास माझ्या आवडीची. एल्डन रिंग एकट्याने खेळतानाही जमिनीवर इतर खेळाडूंच्या चिठ्ठ्या दिसतात. ठरावीक शब्द जुळवूनच त्या लिहिता येतात. 'पुढे शत्रू आहे', 'इथे गुप्त वाट आहे'. काही जण थापाही मारतात. कड्याच्या टोकावर 'पुढे खजिना' असं लिहून ठेवतात. पण चिठ्ठी उपयोगी पडली आणि तुम्ही तिला पसंती दिलीत, तर त्या क्षणी खेळत असलेल्या लिहिणाऱ्याची जखम भरून येते. तो कुठे असेल, कोणती भाषा बोलत असेल, ठाऊक नाही. त्याने वाट दाखवली, तुम्ही त्याला बरं केलंत.

आता पालकांसाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली: एल्डन रिंगमध्ये साधं 'पॉज' बटण नाही. त्यामुळे "आई, आत्ता नाही थांबवता येत" हे मुलाचं वाक्य दर वेळी बहाणा नसतं. "पुढच्या ज्योतीपाशी पोहोच आणि मग जेवायला ये" असं म्हणा, बघा फरक पडतो का.

दुसरी: वय पाहा. युरोपच्या पेगी वर्गीकरणात एल्डन रिंग १६ वर्षांवरच्यांसाठी आहे आणि विचर ३ तर १८. त्यांत रक्तपात आहे, विचरमध्ये त्याहून बरंच काही आहे. दहा वर्षांच्या मुलाला ते देऊ नये.

तिसरी: हे खेळ म्हणजे जुगार नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला तो पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध. एल्डन रिंग एकदा विकत घेतला की झालं. आत पैसे लावावे लागत नाहीत.

चौथी: मोकळ्या मुलखाला कुंपण नसतं, तसं वेळेलाही नसतं. असा एकेक खेळ १०० तास सहज खातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली. खेळावर ताबा न राहणं, इतर सगळ्यापुढे खेळ येणं आणि नुकसान होऊनही तो चालू राहणं, हे साधारण १२ महिने दिसलं तर तो विकार. एका रविवारच्या जागरणाला आजार म्हणू नये. वर्षभराच्या बिघडलेल्या दिवसांकडे दुर्लक्षही करू नये.

शेवटचं सांगतो. आपल्या मुलांचा दिवस पाहा. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास. आठवीपासून आयआयटीची तयारी. वाट आखलेली, वळणं आखलेली. एका चाचणीत कमी गुण मिळाले की घरात स्मशानशांतता. या मुलाला दिवसात एकच जागा अशी आहे, जिथे 'आज कुठे जायचं' हे तो ठरवतो आणि वीस वेळा हरूनही एकविसाव्यांदा उभा राहतो, आणि कोणी त्याच्यासमोर गुणपत्रिका नाचवत नाही. त्या जागेची त्याला ओढ वाटली तर नवल नाही. ती मोकळीक पडद्याबाहेरही थोडी मिळाली पाहिजे, आणि ते काम कुठल्या जपानी कंपनीचं नाही, आपलं आहे. सुट्टीत एखादा किल्ला त्याला ठरवू द्या. रस्ता चुकला तर चुकू द्या.

आणि एकदा अर्धा तास त्याच्या शेजारी बसा. "बंद कर" म्हणण्याआधी विचारा, "कुठे चाललायस रे?" तो जे सांगेल, ते माझ्या या भाषणापेक्षा जास्त रंगतदार असेल, याची खात्री देतो.

 गणपती बाप्पा मोरया!