पाकिटावरचं बाळ

(करमाड येथे बचत गटांतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सकाळपासून आपण एकमेकींच्या तक्रारी ऐकतो आहोत. कुणी सातूचं पीठ करते, कुणी डिंकाचे लाडू, कुणी शतावरी घातलेली पूड. कुणी कंपनीचे प्रोटीन पावडरचे डबे घेऊन दारोदार जाते. माल वेगवेगळा, पण प्रत्येकीला कधी ना कधी सरकारी नियमाची ठेच लागली आहे. नंबर नाही, लेबल चुकलं, अमुक लिहायचं नाही, तमुक विकायचं नाही. मघाशी एक आक्का म्हणाल्या, "आपल्या आया-आज्यांनी बाळंतिणींना खाऊ घातलं तेव्हा कुणी नंबर विचारला नाही. आता बाई चार पैसे मिळवायला लागली की लगेच कायदा?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवली.

पण आक्कांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मला माझ्याच गटाची गोष्ट सांगावी लागेल. ती सांगायला सोपी नाही.

आमचा गट अकरा जणींचा. ज्वारी आणि मूग मोड आणून वाळवायचे, भाजायचे, त्यात थोडे शेंगदाणे घालून दळायचं. खीर करता येते, लापशी करता येते. आधी सुट्टं विकायचो. मग कुणीतरी सांगितलं, पाकीट करा, लेबल लावा, दुप्पट भाव येईल. आम्ही लेबल छापून घेतलं. वर गुटगुटीत हसरं बाळ, खाली लिहिलं, 'बाळाच्या संपूर्ण वाढीसाठी'. बाळाचा फोटो छापखान्यातल्या मुलानेच कुठून तरी काढून दिला. आम्हाला इतका आनंद झाला की एकेकीने ते लेबल घरात भिंतीला चिकटवलं.

माल खपला. करमाडच्या बाजारात खपला, शेंद्र्याला कंपनीत जाणाऱ्या पोरींनी नेला. आणि एक दिवस अधिकारी आले. पाकीट उलटसुलट करून म्हणाले, "ताई, हे विकता येणार नाही. बाळाचं चित्र चालत नाही." का चालत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. कुठलासा कायदा आहे एवढंच म्हणाले. दुकानांत ठेवलेली पाकिटं आम्ही परत आणली. लेबलांचा गठ्ठा वाया गेला. त्या रात्री मी इतकी चिडले होते की काय सांगू. मोठमोठ्या कंपन्या टीव्हीवर काय वाट्टेल ते दाखवतात आणि आमच्या बाळाचं चित्र यांना खुपतं, असंच वाटत होतं.

पाकिटं परत गोळा करताना मला जवळच्या वस्तीवरची एक पोर भेटली. पहिलटकरीण. बाळ तीन महिन्यांचं असताना ती परत कामावर गेली होती, कारण सुट्टी नव्हती आणि घरात दुसरा पगार नव्हता. बाळाला सासूजवळ ठेवून जायची. सासू आमचं पीठ पाण्यात पातळ शिजवून बाटलीने पाजायची. बाळाला जुलाब लागले. दवाखान्यात ठेवावं लागलं, सलाईन लावावं लागलं. बाळ वाचलं. पोरीने मला दोष दिला नाही. उलट म्हणाली, "ताई, मला वाटलं पाकिटावर एवढं लहान लेकरू आहे म्हणजे एवढ्या लेकराला चालत असंल."

बायांनो, त्या पोरीला अक्षर नीट वाचता येत नव्हतं. तिने चित्र वाचलं. आणि ते चित्र आम्ही छापलं होतं.

घरी येऊन मी तो कायदा शोधला. आणि शरमेने गप्प बसले. कारण तो कायदा आपल्याच चळवळीच्या माणसांनी भांडून मिळवलेला आहे. १९७०च्या दशकात परदेशी कंपन्या गरीब देशांत दुधाची पावडर खपवत होत्या. इस्पितळांत फुकट डबे, भिंतींवर गोऱ्या गुटगुटीत बाळांची चित्रं. पावडर महाग म्हणून आया ती पातळ करायच्या, पाणी अशुद्ध असायचं, बाटली उकळायला जळण नसायचं. बाळाने अंगावर ओढणं कमी केलं की दूध आटतं, आणि मग पावडरीशिवाय इलाजच उरत नाही. धंद्याची मेख तिथे होती. याविरुद्ध १९७७ साली अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने या विक्रीसाठी आचारसंहिता केली. आपल्याकडे १९९२ साली कायदा झाला आणि १९९३च्या ऑगस्टपासून अंमलात आला. त्याखाली फिर्याद करण्याचा अधिकार काही स्वयंसेवी संस्थांनाही मिळाला, त्यांत मुंबईची अ‍ॅकॅश ही ग्राहकांची संस्था होती. २००३ साली तो कायदा आणखी कडक झाला. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी म्हणून विकलेला आहारही त्यात आला, आणि त्याची जाहिरात करायला बंदी झाली. डब्यावर बाळाचं चित्र नको, आईचं चित्र नको, हे त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. का, ते मला त्या पोरीने सांगितलं होतं.

म्हणजे कंपनीच्या डब्याने जे केलं, ते आमच्या पाकिटाने केलं. आम्ही बायका होतो, गरीब होतो, मन चांगलं होतं, पण बाळाच्या पोटाला त्याने काही फरक पडला नाही. म्हणून आक्का, हा नियम काढून टाका असं मी म्हणणार नाही. तो आपला आहे.

पण सगळेच नियम असे असतात का? नाही. आता दुसरी बाजू सांगते.

अंगणवाडीतून सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा बायांना घरी न्यायचा पोषण आहार मिळतो. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात त्याचं माप लिहिलं गेलं. बाळाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं, बाईला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं. असं माप हवंच, ते खाणारीच्या बाजूचं आहे. पण हा आहार करायचा कुणी? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४मध्ये सांगितलं की ठेकेदार नकोत, गावातले बचत गट, महिला मंडळं यांच्याकडून घ्या. कागदावर आपला विजय झाला. मग काय घडलं? ठेके महिला संस्थांच्याच नावाने निघाले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या अन्न आयुक्तांच्या कार्यालयाने महाराष्ट्रात चौकशी केली, तेव्हा बायकांच्या नावाआड खाजगी कंपन्या उभ्या असल्याचं त्या अहवालात आलं. नाव बाईचं, यंत्र कंपनीचं, नफाही तिकडेच.

पुढे मार्च २०१६मध्ये, म्हणजे महिला दिनाच्याच महिन्यात, राज्याने सुमारे ६,३०० कोटी रुपयांच्या पोषण आहाराची निविदा काढली. यंत्रसामग्रीच्या आणि आर्थिक ताकदीच्या अटी अशा, की आपल्यासारख्या गटाने फॉर्मसुद्धा घेऊ नये. कारण सांगितलं स्वच्छता आणि दर्जा. वैष्णोराणी नावाचा महिला बचत गट त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. २६ फेब्रुवारी २०१९ला न्यायालयाने ती निविदा रद्द केली. २००४च्या आदेशाचा हेतूच या अटींनी मारला जातो, बड्यांना वाट करून दिली जाते, असं न्यायालयाने मानलं.

बघा, दोन्हीकडे शब्द एकच आहे: मुलांची सुरक्षितता. एका नियमाने खरंच मुलाला वाचवलं. दुसऱ्याने मुलाचं नाव पुढे करून ठेकेदाराला वाचवलं. म्हणून नियम समोर आला की मी आता एकच प्रश्न विचारते. याने खाणारी वाचते, की विकणारा मोठा होतो?

हा प्रश्न आपल्या रोजच्या अडचणींना लावून बघू.

पुडीवर 'साखरेचा आजार बरा होतो' लिहायचं नाही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४च्या कायद्यापासूनच बंद आहे. याने खाणारी वाचते. उद्या कुणी ती पूड खाऊन दवाखान्याच्या गोळ्या बंद केल्या तर जबाबदार कोण? हा नियम पाळायचा.

माल तपासून घ्यायचा. हाही पाळायचा. आम्हाला वाटायचं, घरचं म्हणजे शुद्ध. पावसाळ्यात शेंगदाण्याला ओल लागली की बुरशी धरते, तिचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि भाजून पूर्ण जात नाही. आमच्या पहिल्या तपासणीत पिठात ओलावा जास्त निघाला. तेव्हापासून आम्ही शेंगदाणे पारखून घेतो आणि पावसाळ्यात पिठात ते घालतच नाही. पण तपासणीचा खर्च लहान गटाला आणि मोठ्या कारखान्याला सारखाच का? दहा किलोच्या घाण्यामागे तो खर्च धरला तर नफा उरत नाही. इथे नियम बरोबर आहे आणि त्याचा बोजा चुकीच्या खांद्यावर आहे.

लेबलाची भाषा बघा. नियम म्हणतो, माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत हवी. मराठी वरून चालेल, पण नुसती मराठी चालत नाही. करमाडच्या बाईने केलेलं, करमाडच्या बाईने विकत घेतलेलं पीठ, आणि दोघींची भाषा पुरत नाही! याने कोण वाचतं?

नोंदणीचं घ्या. अन्न सुरक्षा कायदा २००६चा, २०११च्या ऑगस्टपासून लागू झाला. तेव्हाच्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्याला साधी नोंदणी ठेवली, फी वर्षाला १०० रुपये. आम्हीही तेवढीच भरली. पण अर्ज संगणकावर. तो भरून देणाऱ्या एजंटाने आमच्याकडून फीच्या कितीतरी पट घेतले. कायद्याने शंभर मागितले होते, बाकीचे आमच्या अडाणीपणाने दिले.

आता डबे विकणाऱ्या मैत्रिणींबद्दल. आमच्या गटातल्या एकीने कर्ज काढून एका कंपनीचे अठरा हजारांचे डबे घेतले. आधी माल उचला, मग खालच्या बायका जोडा, मग कमिशन, असं सांगितलं होतं. डबे शेजारणींनी, नणंदांनी भिडेखातर घेतले. उरलेले पलंगाखाली आहेत आणि हप्ता चालू आहे. डिसेंबर २०२१मध्ये थेट विक्रीचे नियम निघाले. सामील व्हायला पैसे घ्यायचे नाहीत, साखळी योजना चालवायची नाही, न विकलेला माल परत घ्यायची व्यवस्था ठेवायची. हा नियम विकणाऱ्या बाईला वाचवतो. तिला तो कुणी सांगितलाच नाही. कंपनी सांगणार नाही, कारण तिला तिच्याकडूनच पैसे मिळतात. मग आपण सांगायचा.

म्हणून माझी विनंती आहे, 'कायदा नको' ही घोषणा आपण देऊ नये. ती आपल्या तोंडून निघाली की फायदा ठेकेदाराचा आणि डबेवाल्या कंपनीचा होईल. आपण नेमकं मागू. नियम मराठीत आणि कारणासकट द्या. लेबल मराठीत चालू द्या. लहान गटांच्या मालाची तपासणी सरकारी खर्चाने, तालुक्याच्या ठिकाणी करा. चूक झाली तर आधी शिकवा, लबाडी दिसली तर जरूर दंड करा. आणि अंगणवाडीच्या आहाराच्या अटी ताटात काय पडतं त्यावर ठरवा, यंत्र किती मोठं आहे त्यावर नको. २०२०च्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत गटातल्या प्रत्येकीमागे ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केली होती. पैशाची सोय करता येते, तशी तपासणीचीही करता येईल.

आमच्या गटाचं काय झालं, तेही सांगते. नवं लेबल साधं आहे. 'भाजलेल्या ज्वारी-मुगाचं पीठ', घटक, वजन, तारीख, नंबर. चित्र ज्वारीच्या कणसाचं. खप जवळजवळ निम्मा झाला. दोघी जणी गट सोडून गेल्या, त्यांचा राग अजून माझ्यावर आहे. तो मी समजू शकते, त्यांच्या घरात ते पैसे लागत होते. त्या पोरीला मात्र नोकरीत बाळंतपणाची रजा का मिळाली नाही, हा प्रश्न आमच्या पाकिटाने कधीच सुटणार नव्हता. त्यासाठी आपल्याला वेगळं भांडावं लागेल, आणि तेही याच बैठकीत ठरवू.

आता जेवण झाल्यावर सगळ्यांनी आपापलं पाकीट, पुडी, डबा सतरंजीवर मांडायचा. एकेक घेऊन आपण मोठ्याने वाचू. जिला वाचता येत नाही तिच्या हातात आधी द्यायचं, आणि तिला चित्रावरून काय कळतं ते विचारायचं. सुरुवात माझ्या जुन्या लेबलापासून करू. एक मी जपून ठेवलं आहे.